शिक्षा वाढवायची: संहितेत राज्यदुरुस्ती करावी की वेगळा कायदा आणावा?

एखाद्या गुन्ह्याची शिक्षा राज्यापुरती कडक करायची तर विधिमंडळापुढे दोन वाटा असतात. केंद्राच्या संहितेतलं कलम महाराष्ट्रापुरतं दुरुस्त करायचं, नाहीतर राज्याचा स्वतंत्र कायदा करायचा. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, असल्याने दोन्हींचा अधिकार राज्याला आहे. कोणती वाट धरायची हे मसुद्याला हात घालण्याआधीच ठरवावं.

राज्यदुरुस्तीचं विधेयक लहान असतं. गुन्ह्याची व्याख्या तयार असते, पोलिसांना कलम पाठ असतं, त्यावरचे निकाल हाताशी असतात. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ३५३, हे याचं चांगलं उदाहरण. मूळ कमाल शिक्षा दोन वर्षं होती. महाराष्ट्राने २०१८ पासून ती पाच वर्षं केली. पण तेवढ्याने भागलं नसतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपेक्षा जास्त कैद सुनावूच शकत नाही, त्यामुळे खटला त्याच्याकडेच राहिला असता तर वाढीव शिक्षा कागदावरच राहिली असती. म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीतला, कोणता गुन्हा कोणत्या न्यायालयात चालेल हे सांगणारा रकानाही बदलून खटला सत्र न्यायालयाकडे दिला गेला. मसुद्यांत सर्वाधिक विसरला जाणारा रकाना हाच.

या वाटेचा धोका मोठा आहे. मूळ संहिता गेली की तिच्यावरची दुरुस्तीही जाते. १ जुलै २०२४ ला भादंवि रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम १३२ मध्ये आला आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षं झाली. महिला आणि बालकांवरील अत्याचारांच्या शिक्षा कडक करणाऱ्या शक्ती विधेयकाचं दुखणं याहून मोठं. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, पण राष्ट्रपतींच्या अनुमतीची वाट पाहता पाहता ज्या भादंवि आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत ते बदल करणार होतं, त्या दोन्ही रद्द झाल्या.

त्याच १ जुलैला मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मात्र जागेवर राहिला, कारण १९९९ चा तो कायदा स्वतःच्या पायावर उभा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही तसेच. जे कृत्य संहितेच्या कोणत्याच कलमात नीट बसत नाही, त्यासाठी ही वाट खरी उपयोगाची: व्याख्या आपली, तपासाची पद्धत आपली. मकोकात आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, ती याच मोकळिकीतून.

मात्र प्रत्येक खास तरतुदीबरोबर एक अट येते आणि बचाव पक्ष बोट ठेवतो ते नेमकं तिच्यावर. मकोका लावण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता, न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी, मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं. यातलं एक जरी सैल राहिलं तरी खास कलमं गळून पडतात.

दुसरा खड्डा जामिनाचा. स्वतंत्र कायदा गुन्ह्याच्या वर्गाबद्दल गप्प राहिला, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग लागू होतो. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) आणि जामीनपात्र. जरब बसावी म्हणून आणलेल्या कायद्याखाली ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते. ‘तीन वर्षांपर्यंत’ असं लिहिलं तर ते कोणत्या वर्गात जातं, हा वाद कॉपीराइट कायद्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. ही वेळ येऊच देऊ नये. ‘हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असेल’ आणि ‘अमुक न्यायालयात चालेल’, ही दोन वाक्यं विधेयकातच हवीत.

अनुमतीचा प्रश्न दोन्ही वाटांवर आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल तर अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची अनुमती लागते आणि तिला कालमर्यादा नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालं, अनुमती २०१५ मध्ये मिळाली. प्रस्ताव पाठवताना कोणत्या केंद्रीय कायद्याच्या कोणत्या कलमाशी विसंगती आहे, हे एकेक करून लिहावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानुसार अनुमतीचं संरक्षण राष्ट्रपतींसमोर मांडलेल्या कायद्यापुरतंच मिळतं. अनुमतीनंतरही संसद नवा कायदा करून राज्याची तरतूद मोडू शकते. वाढीव शिक्षा मागच्या गुन्ह्यांना लावता येत नाही. फाशी एकमेव शिक्षा म्हणून लिहिली तर अशी सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवणारा १९८३ च्या मिठू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो.

आमचं मत स्पष्ट आहे. कृत्य आधीच गुन्हा असेल आणि फक्त शिक्षा अपुरी असेल तर राज्यदुरुस्ती करावी, पण शिक्षा, गुन्ह्याचा वर्ग आणि न्यायालय ही तिन्ही एकाच विधेयकात बदलावीत. कृत्यच नवं असेल तर स्वतंत्र कायदा. आणि शिक्षा पुरेशी असूनही आरोपी सुटत असतील, तर ही दोन्ही विधेयकं कामाची नाहीत. तिथे सरकारी वकील आणि तपासाकडे बघावं लागेल.

शिक्षेचा आकडा तपासावरही भार टाकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, राज्याने ही तरतूद लागू केल्यापासून, न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे. पाचाची सात करण्याआधी अशी पथकं कोणत्या जिल्ह्यात किती आहेत, ही यादी गृह विभागाकडून मागवून घ्या.