पहिली बंदूक: एकसष्टची ठासणीची की ट्रॅपडोर?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, जुन्या लष्करी बंदुकांचा नाद लागलेल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: सुरुवात कशापासून करू? माझ्या मते पहिल्या खरेदीसाठी खरी निवड दोनच बंदुकांत आहे. दोन्ही मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याच्या.

पहिली, १८६१ चं मॉडेल. ठासणीची बंदूक, नळी ४० इंच, ती दस्त्याला धरणाऱ्या तीन कड्या, वजन साधारण ९ पौंड. दारू आणि ०.५८ इंची मिन्ये गोळी (पोकळ बुडाची, लांबट) तोंडाकडून गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, घोडा ओढायचा. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या पायदळाचं हे मुख्य हत्यार. स्प्रिंगफील्डला मागणी पुरवता येईना, म्हणून कोल्टपासून अनेक खासगी कारखान्यांनी ती बनवली.

दुसरी म्हणजे त्याच परंपरेतली धाकटी बहीण. युद्धानंतर ठासणीच्या बंदुकांचे ढीग पडले होते. कारखान्यातला मुख्य कारागीर अर्स्किन अ‍ॅलिन याने नळीची मागची बाजू वरून कापून तिथे काडतूस मागून भरायला वर उघडणारं झाकण बसवलं, म्हणून नाव ट्रॅपडोर. १८७३ पासून ती ०.४५ इंची काडतुसासाठी नव्यानेच बनू लागली आणि पुढची वीस वर्षं बनत राहिली.

आकर्षण म्हणाल तर एकसष्टचं जास्त. अँटिटम, गेटिसबर्ग ही त्या युद्धातल्या लढायांची नावं कोणाला खुणावत नाहीत? पण फसवणूकही तिच्यातच जास्त. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कच्या बॅनरमनसारख्या व्यापाऱ्यांनी सरकारी भंगार घाऊक विकत घेतलं. कित्येक बंदुकांच्या नळ्या आणि दस्ते कापून शेतकऱ्यांसाठी स्वस्त शिकारी बंदुका झाल्या. आता त्याच कापलेल्या दस्त्यांना नवं लाकूड जोडून त्या ‘मूळ स्वरूपात’ विकल्या जातात. शिवाय युद्धाचे देखावे करणाऱ्यांसाठी बनलेल्या इटालियन नकला मुद्दाम गंजवून बाजारात येतात. अस्सल एकसष्टवर अनुक्रमांक नसतो. लॉकप्लेटवरचं (घोड्याजवळच्या बाजूच्या पट्टीवरचं) आणि नळीवरचं वर्ष, दस्त्याच्या डाव्या अंगावरचे तपासनिसांचे शिक्के, दस्त्यात कुठे जोड दिसतो का, एवढ्यावरच भिस्त. शिक्का पुसट आणि लाकूड गुळगुळीत असेल तर कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय हे समजा, आणि किंमत पाडून मागा.

ट्रॅपडोर इथे बरीच सोयीची. ब्रीचमागच्या, म्हणजे झाकणामागच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो, त्यावरून निर्मितीचं साल ढोबळमानाने काढता येतं. झाकणावरचा १८७३ हा आकडा मात्र मॉडेलचा, निर्मितीचा नव्हे. तिथे नवखे हमखास फसतात. दस्त्यावर वर्षासह एसडब्ल्यूपी अशी तपासनिसाची आद्याक्षरं स्पष्ट असतील तर सोनं. किंमतही सर्वसाधारण अवस्थेत एकसष्टपेक्षा बहुधा कमी पडते.

अपवाद एकच, घोडदळाची आखूड ट्रॅपडोर, म्हणजे कार्बाइन. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला मूलनिवासींशी झालेल्या प्रसिद्ध लढाईत सेनाधिकारी कस्टरची सातवी घोडदळ रेजिमेंट हीच घेऊन लढली. त्यामुळे ‘कस्टरची बंदूक’ विकणाऱ्यांना तोटा नाही. अनुक्रमांक त्या तारखेनंतरचा निघाला की गोष्ट तिथेच संपते. कार्बाइनची नळी २२ इंच, रायफलची साडेबत्तीस इंचांच्या वर. कापून केलेल्या कार्बाइनच्या दस्त्याखाली ठासायच्या गजाची खाच बुजवल्याची खूण बहुधा सापडते. गोष्टीला पैसे देऊ नका, बंदुकीला द्या.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरली जाते, म्हणून या दोन्ही मोकळ्या. ट्रॅपडोरनंतर आलेली क्रॅग रायफल नेमकी त्या सीमेवर आहे, म्हणून पहिल्या खरेदीत ती नकोच. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आपापले तपासा. पुण्याच्या घरी पाठवायचा विचार मात्र सोडा. भारतात शस्त्र कायदा आडवा येतो.

माझा कौल ट्रॅपडोरला. हात आणि डोळे तयार होईपर्यंत एकसष्ट थांबू शकते.

आणि ती घ्यायची वेळ आलीच तर दुकानातच, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून, गज हलकेच आत सोडा. खणकन वाजला तर नळी रिकामी. बद्द आवाज आला तर हात आवरा. गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या. कुणाच्या माळ्यावरून आलेल्या नळीत आजही तो जुना बार बसलेला असू शकतो.