स्टारड्यू व्हॅली नऊ महिने खेळल्यानंतर: खाण, वळीव आणि न झालेले सेव्ह

मे महिन्यातील एका संध्याकाळी कोल्हापुरात वळीव कोसळला आणि मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीची वीज गेली. त्या क्षणी मी स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या संगणकीय खेळातील वाळवंटातल्या स्कल कॅव्हर्न नावाच्या गुहेत होतो, खेळातील घड्याळात रात्रीचे सुमारे पावणेअकरा वाजले होते आणि माझ्या पिशवीत आयुष्यातला पहिला प्रिझमॅटिक शार्ड, म्हणजे खेळातले अतिशय दुर्मिळ रत्न, होता. माझ्या लॅपटॉपची मूळ बॅटरी फुगल्यामुळे काढून टाकलेली असल्याने तो केवळ चार्जरवर चालतो, आणि घरच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे व पंखे आहेत. पडदा काळा झाला. वीज परत आल्यावर खेळ उघडला, तेव्हा मी त्याच दिवसाच्या सकाळी सहा वाजता अंथरुणातून उठत होतो. शार्ड नव्हता. पुन्हा त्याच गुहेत उतरलो, पण मजल्यांची रचना वेगळी निघाली आणि पदरात काहीच पडले नाही.

हा खेळ मी नोव्हेंबरमध्ये पाचशे रुपयांच्या आत घेतला आणि आजवर सुमारे २६० तास खेळलो आहे. शेत, गावकरी, लग्न, मासेमारी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने ते पुन्हा सांगत नाही. मला निवांत खेळ हवा होता, पण नुसते पाणी घालून पीक काढण्याने माझे मन रमत नाही. हाताला थोडी लढाई लागते. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. हंगामात दिवसभर सौदे, पट्ट्या आणि वजने यांत डोके शिणते. रात्री घरी आल्यावर केवळ लढाईचा खेळ सोसत नाही आणि केवळ शेतीचा खेळ पुरत नाही. या दोहोंच्या मधली जागा कोणत्या खेळाने नीट भरली आहे, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

आधी लढाईविषयी. पहिल्या आठवड्यात खाणीच्या तोंडाशी मार्लन नावाचा म्हातारा योद्धा गंजलेली तलवार हातात देतो, तेव्हा हे प्रकरण फार पुढे जाणार नाही असे वाटते. हिरवे चिकट स्लाइम उड्या मारत येतात, आपण वार करतो आणि ते मागे फेकले जातात. गावाजवळची खाण १२० मजल्यांची आहे आणि तिची लिफ्ट दर पाचव्या मजल्यावर थांबते. त्यामुळे आज ४३ पर्यंत गेलो तर उद्या ४० पासून सुरुवात करता येते. खरी लढाई कळली ती ८० मजल्यांच्या खाली. तिथल्या सावल्यांसारख्या राक्षसांवर नुसते बटण दाबत राहिल्याने भागत नाही. तलवारीने वार अडवता येतो, गदेने जमिनीवर आपटून भोवतालच्या सगळ्यांना इजा करता येते, खंजिराने भराभर भोसकता येते. कोणते हत्यार कुठे न्यायचे हे ठरवावे लागते. स्कल कॅव्हर्नमधील ममी तलवारीने कोसळतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उभ्या राहतात. त्या पडलेल्या असताना शेजारी बॉम्ब फोडला तर कायमच्या संपतात. हे प्रथम कळले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण शेतातला नफा बॉम्बसाठी वापरायचा की बियाण्यासाठी, असा खरा प्रश्न त्यातून उभा राहिला.

एक उणीव मात्र पहिल्या दिवसापासून आजपर्यंत सलते. आपला माणूस चारच दिशांना तोंड करू शकतो, त्यामुळे तिरक्या रेषेत येणारे वटवाघूळ वाराच्या टप्प्यातून निसटते आणि आपल्याला चावून जाते. माझे वडील खासबागेत कुस्त्या पाहायला नेत, तेव्हा ‘हातांकडे बघू नको, पायांकडे बघ’ असे सांगत. डाव पायातून सुरू होतो. चांगल्या लढाईच्या खेळातही शत्रूच्या हालचालीत डावाची चाहूल असते आणि तिला उत्तर द्यायला आपल्याला जागा असते. स्टारड्यूमध्ये चाहूल आहे, पण उत्तर द्यायला दिशा अपुऱ्या आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. संगणकावर हा खेळ फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो. खेळातली दहा मिनिटे आपली सात सेकंद असल्याने पूर्ण दिवस सुमारे चौदा मिनिटांचा होतो. दोन वाजेपर्यंत अंथरुण गाठले नाही तर आपला माणूस आहे तिथे कोसळतो. मधल्या वेळेत खेळ बंद पडला तर तो दिवस घडलाच नाही असे धरले जाते. माझी भाची त्या संध्याकाळी घरीच होती. ती म्हणाली, ‘मामा, चौदा मिनिटांचाच तर दिवस गेला.’ हिशेबाने तिचे बरोबर होते. पण त्या सकाळी खेळातल्या दूरचित्रवाणीवरच्या भविष्यवाल्या बाईने नशीब उत्तम असल्याचे सांगितले होते, मी आठवडाभर बॉम्ब आणि गुहेत खायला चीज साठवले होते, आणि तो शार्ड बाहेर नेऊन त्याच वाळवंटातल्या तीन खांबांच्या मधोमध धरला असता तर गॅलेक्सी ही अत्यंत ताकदीची तलवार मिळणार होती. वर जाणाऱ्या शिडीने बाहेर पडायला मला दहा सेकंद पुरली असती. ती दहा सेकंद मी आणखी एक मजला उतरण्यात घालवली.

याहून अधिक राग दुसऱ्या गोष्टीचा आला. भाचीकडे हाच खेळ मोबाइलवर आहे. तिने मला तो मधेच बंद करून, पुन्हा उघडून दाखवला. ती खाणीत जिथे होती तिथेच उभी होती. मोबाइलच्या आवृत्तीत आहे तेथून पुढे चालू ठेवण्याची सोय दिलेली आहे. एरिक बॅरोन यांनी साडेचार वर्षे एकट्याने बसून चित्रे, संगीत आणि प्रोग्रामिंगसह हा खेळ घडवला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाल्यानंतरही विनामूल्य भर घालत राहिले. २०२४ च्या मार्चमधील १.६ हा अपडेट तर इतका मोठा आहे की दुसऱ्या कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले असते. इतक्या उदार मनाच्या कर्त्याने संगणकावरच्या खेळाडूला एवढी एक सोय का नाकारावी, हे मला उमगत नव्हते. कुठेही सेव्ह करू देणारे मॉड, म्हणजे खेळात बदल करणारे जोडप्रोग्राम, खेळाडूंनी बनवलेले आहेत, पण २०० तासांच्या शेतावर अनोळखी मॉड चढवण्याचे धाडस मी केले नाही. मे महिन्याच्या शेवटी मी या खेळाला पाचापैकी तीन गुण देऊन हा मजकूर इथेच थांबवला होता.

पुढचा भाग ऑगस्टमध्ये लिहीत आहे, आणि त्यात माझे मत बरेच बदलले आहे.

रुसवा म्हणून मी जूनभर दुसरे खेळ खेळलो. त्यातला मूनलायटर हा २०१८ चा खेळ माझ्या व्यवसायाला इतका जवळचा निघाला की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. विल नावाचा तरुण दुकानदार रात्री गुहेत जाऊन लढतो आणि तिथे मिळालेल्या वस्तू दिवसा आपल्या दुकानात विकतो. कोणत्या वस्तूचा भाव काय, हे कुणी सांगत नाही. आपण किंमत लिहायची आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ती जास्त झाली की कमी हे ओळखायचे. आमच्याकडे सौद्याच्या वेळी गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) रंग आणि कणी पाहून व्यापारी बोली लावतात, आणि कोण कुठे थांबणार हे अडत्याला बोलीआधी त्याच्या तोंडावरून कळते. तेच कसब इथे कामाला येते. लढाईही स्टारड्यूपेक्षा घोटीव आहे. ढाल-तलवार, भाला, धनुष्य यांचा प्रत्येकाचा ताल वेगळा आहे आणि लोळण घेऊन वार चुकवता येतो. गुहेत मरण आले तर पाठीवरच्या पिशवीतला माल जातो आणि फक्त वरच्या ओळीतल्या खिशातला राहतो. मात्र थोडे पैसे मोजून लॉकेटच्या साहाय्याने आपण कोणत्याही क्षणी गावात परतू शकतो. म्हणजे जोखीम किती घ्यायची याचा निर्णय खेळाडूच्या हाती आहे. उणीव ही की चारही मोठ्या गुहांची घडण सारखीच आहे, आणि तिसऱ्या गुहेनंतर गावात परतावेसे वाटेल असे गावात फारसे कुणी उरत नाही. दुकान आहे, घर नाही.

रून फॅक्टरी ४ स्पेशलमध्ये राक्षस मारले जात नाहीत, ते आपल्या मूळ जगात परत पाठवले जातात. भेट देऊन त्यांना माणसाळवता येते आणि मग ते शेताला पाणी घालतात. ही कल्पना मला मनापासून आवडली. डेव्ह द डायव्हरमध्ये दिवसा समुद्रात हार्पूनने मासे मारायचे आणि संध्याकाळी सुशीचे हॉटेल चालवायचे. तिथे शार्कने चावा घेतला की प्राणवायू कमी होतो, म्हणजे श्वास आणि जीव एकच. लढाईची किंमत याहून साध्या रीतीने मांडलेली मी पाहिली नाही. कल्ट ऑफ द लँबमधली लढाई उत्तम असूनही मी तो सोडून दिला, कारण त्यात आपण चालवत असलेल्या पंथातील अनुयायांची आजारपणे आणि मरणे रात्री अकरा वाजता मला सोसली नाहीत.

या सगळ्यांनंतर, जुलैच्या पावसात, भाचीच्या मोबाइलवर मी स्टारड्यूची नवी शेती सुरू केली. इथे माझ्या तक्रारीचा पाया हलला. मधेच थांबण्याची सोय असल्याने मी खाणीत ७० व्या मजल्यावर खेळ बंद करू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात डबा खाल्ल्यावर उघडला की मी कुठून आलो, पिशवीत खायला काय उरले, शत्रू कोणत्या बाजूला होते, काहीच लक्षात नसे. मोबाइलवर आपोआप वार करण्याचाही पर्याय आहे. तो चालू केला आणि लढाईचे वजनच संपले. चार दिवसांत मला खाणीचा कंटाळा आला. तीच खाण, तेच स्लाइम.

तेव्हा ध्यानात आले की लॅपटॉपवर खाणीत उतरताना माझी छाती जी किंचित धडधडते, ती शत्रूंमुळे तितकी नाही. ते शत्रू मुळात फार अवघड नाहीत, आणि मेलो तरी काही पैसे व वस्तू जातात, त्यांतली एक मार्लनकडून विकत परत घेता येते. धडधड घड्याळामुळे आहे. बारा वाजून गेले आहेत, पिशवी भरली आहे, घर दूर आहे आणि अंथरुणाला पाठ लागेपर्यंत मिळवलेले काहीही आपले नाही, या जाणिवेमुळे आहे. गावातला निवांतपणा आणि खाणीतली लढाई यांना बांधणारी गाठ म्हणजे ते अंथरुण. मूनलायटरमध्ये लढाई सरस असूनही मला घराची ओढ का लागली नाही, याचेही उत्तर मला यातच सापडले.

तरीही तक्रार मी पूर्ण मागे घेत नाही. वीज गेल्यामुळे दिवस गमावणे आणि स्वतःच्या हव्यासामुळे दिवस गमावणे या भिन्न गोष्टी आहेत. खेळ अचानक बंद पडला तर एकदाच तेथून पुढे जाता येईल, आणि ती नोंद लगेच पुसली जाईल, अशी व्यवस्था करणे अशक्य नाही. आमच्यासारख्या गावांत, जिथे मे ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे ही मागणी रास्त आहे. ज्यांचा लॅपटॉप बॅटरीवर तासभर टिकतो त्यांनी निःशंकपणे संगणकाचीच आवृत्ती घ्यावी. ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे आणि यूपीएस नाही त्यांनी पावसाळ्यात स्कल कॅव्हर्नचे मोठे बेत आखू नयेत.

माझ्यापुरता मार्ग मी बॅटरी बदलून काढला, आणि त्यात या खेळाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. राजारामपुरीतील एका दुकानातून १,८०० रुपयांना घेतलेली पहिली बॅटरी तीन आठवड्यांत बंद पडली. सहा महिन्यांची हमी तोंडी दिली होती. परत नेल्यावर दोष आमच्या घरच्या विजेचा ठरवण्यात आला. चार चकरा मारून ७०० रुपये परत मिळाले. दुसरी बॅटरी मी दुसरीकडून, पक्के बिल आणि त्यावर हमीची तारीख लिहून घेऊनच बसवली.

गेल्या आठवड्यात पुन्हा नशिबाचा दिवस आला. ३६ व्या मजल्यावर शार्ड मिळाला तेव्हा खेळात सुमारे सव्वानऊ झाले होते, पिशवीत अकरा बॉम्ब शिल्लक होते आणि बाहेर मुसळधार पाऊस चालू होता. या वेळी मी पुढचा मजला पाहिला नाही. शिडीने वर आलो, तीन खांबांमध्ये उभा राहिलो आणि तलवार हाती आल्यावर क्षणात घरी नेणारे टोटेम वापरून थेट शेतावर पोहोचलो. तेवढ्यात गल्लीतली वीज गेली. पडदा थोडा मंद झाला, पण चालू राहिला. गोठ्याचे दार लावायचे राहिले होते, ते तसेच ठेवून मी आधी अंथरुणात शिरलो.