पर्स्वेजन वाचली, लाइम रीजिसचा समुद्र भारीच

जेन ऑस्टिनची पर्स्वेजन ही कादंबरी एकदाची संपवली. सुरवातीचे नायिका ॲनच्या बापाच्या बडेजावाचे चॅप्टर जाम रटाळ, पण मंडळी लाइम रीजिस या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावी पोचतात ना तिथून जी पकड घेते! ऑस्टिनबाई स्वतः १८०४ मधे तिथे राहिलेल्या, समुद्रात डुंबलेल्या पण, ते वर्णनात कळतंच. कॉब म्हणजे तिथला वळणदार दगडी धक्का, त्याच्या पायऱ्यांवरून बरोबरची लुइझा उडी मारते नि डोक्यावर आपटते, सगळ्यांची गाळण उडते आणि ॲन एकटी शांत, ८ वर्षांपूर्वी तिने नकार दिलेला वेंटवर्थ बघतच राहतो. खाऱ्या वाऱ्याने ॲनचा चेहरा खुलतो म्हणे (आपल्याकडे काळवंडतो, असो). माझ्या स्वस्तातल्या कॉपीचा टाइप मात्र फार बारीक, चष्मा लावूनच बसा.