प्रदर्शनाच्या कापडी स्टॉलपायी १,३२,६८० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगतो, मी कालपरवा धंद्यात आलेला माणूस नाही. सांगली जिल्ह्यात २२ वर्षं शेतीपंपांचे स्टार्टर पॅनेल बनवतोय. उधारी बुडवणारे पाहिलेत, खोटे चेक पाहिलेत. तरीही एका गोड बोलणाऱ्या माणसानं मला व्यवस्थित कापलं. घरी दोन महिने खरा आकडा सांगितला नव्हता. आता लिहितोय, कारण प्रदर्शनांचा हंगाम आला की अशी माणसं पुन्हा फोन फिरवायला लागतात.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या मोशीच्या कृषी प्रदर्शनात ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घेतला होता. स्टॉल म्हणजे ठरलेलंच: ऑक्टोनॉर्मचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या. तो सजवायचा आपण. आमच्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्यानं मागं प्लायची भिंत, त्यावर सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, आणि व्हिनाइल, म्हणजे छापून चिकटवायचं प्लास्टिक, असं सगळं ४२,००० रुपयांत सांगितलं, टेम्पोभाडं धरून. माझे स्टार्टर पॅनेल ८ ते १४ किलोचे. ते भिंतीला टांगून दाखवायचे तर प्लाय लागणारच, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

तेवढ्यात कापडी स्टॉल विकणारा हा पुण्याकडचा माणूस भेटला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्यानं सनबोर्डाचे सगळे दोष धडाधड सांगितले आणि एकही खोटा नव्हता. कोपरे तुटतात, उन्हात बोर्ड वाकतो, व्हिनाइलला फुगे येतात, दोन बोर्डांमधला जोड दिसतो, दिव्याखाली चकाकतं आणि एका प्रदर्शनानंतर सगळं भंगारात. त्याउलट कापड, म्हणजे अॅल्युमिनियमची खाचेची चौकट आणि कडेला सिलिकॉनची पट्टी शिवलेलं पॉलिस्टर. पट्टी खाचेत दाबली की कापड ढोलकीसारखं ताणून बसतं. जोड नाही, चकाकी नाही, घडी घालून बॅगेत टाका, मळलं तर धुवा. छपाई डाय सब्लिमेशनची, म्हणजे दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेनं रंगाची वाफ होऊन धाग्यात मुरते, वर थर बसत नाही. हेही सगळं खरं. याच खऱ्यापायी मी फसलो. मी माहिती तपासत बसलो, माणूस तपासलाच नाही.

मग त्यानं हिशोब मांडला. "दादा, वर्षाला पाच प्रदर्शनं धरा. ४२,००० गुणिले पाच, २,१०,०००. माझं एकदाच ८६,००० अधिक जीएसटी १५,४८०, म्हणजे १,०१,४८०." पॅनेल टांगायचं काय, असं मी विचारलं. म्हणाला, कापडाच्या मागून आडवे बार देतो, वजनाची काळजी सोडा. कापडी भिंत वजन पेलत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बारचं ऐकून गप्प बसलो. आता कुणीही म्हणेल की स्वस्तात मिळवायला गेला. नाही हो, मी दुपटीहून जास्त पैसे देत होतो! चांगलं हवं म्हणूनच देत होतो.

तो नमुना घेऊन आला. वीतभर कापड, मऊ, नखानं खरवडलं तरी रंग निघेना, मुठीत चुरगाळलं तरी रेघ नाही. अस्सल होतं. चौकटीचा सहा इंची तुकडाही अस्सल. पण नमुना त्याच्याच मालाचा आहे कशावरून, हे मी विचारलं नाही. छपाई बघायला येतो म्हटलं, तर मशीन दुसऱ्या युनिटला आहे म्हणाला. तिथंच उठायला हवं होतं.

पण मला खरा जाळतो तो फोटो. केलेल्या कामांचे म्हणून त्यानं अकरा फोटो पाठवले. सातव्यात कापडी स्टॉलच्या शेजारच्या खांबावर एक सॉकेट होतं. आपल्याकडच्या सॉकेटला तीन गोल भोकं असतात, त्याला तीन चपट्या चौकोनी फटी होत्या. इंग्लंडकडची, आखाताकडची पद्धत. माझं अर्धं आयुष्य वायर आणि प्लगात गेलंय, मला ते दिसणार नाही का? दिसलं. मी फोटो मोठा करून पाहिला, हे भारतातलं नाही असं मनात आलं, आणि स्वतःलाच समजावलं की दुबईला काम केलं असेल. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हा माझा एक रुपयाही गेला नव्हता. एक प्रश्न, "हे काम कुठलं?" एवढाच. रात्री अजून तो फोटो उघडून बसतो.

दुसरी खूण मापाची. ३ मीटरच्या स्टॉलची आतली मोकळी रुंदी पूर्ण ३ मीटर नसते, खांबांची जाडी जाते आणि काही सेंटिमीटर कमी भरतात. खरा काम करणारा पहिल्यांदा आतलं माप विचारतो. यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

१८ ऑक्टोबरला ६०,८८८ रुपये आगाऊ दिले. खातं फर्मच्या नावाचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं. "मिसेसच्या नावावर आहे दादा." २ डिसेंबरला माल तयार आहे म्हणून उरलेले ४०,५९२. चार दिवसांनी मागून दिवे लावायचे म्हणून १२,५०० यूपीआयनं. माल मिरजेला मागवत होतो, तर म्हणाला, भाडं कशाला घालवता, थेट मोशीला स्टॉलवर पोचवतो. यात त्याची सगळी खेळी होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला खोकं आलं. तपासायला वेळच ठेवला नव्हता.

खोकं फोडताच नाकात फ्लेक्सचा वास गेला. तुम्हाला तो वास माहीत असेल, नवीन बॅनरचा, डोकं चढवणारा. कापडाला तसा वास येत नाही. आत घडी घातलेला फ्लेक्स होता, घडीवर रंगाला तडे जाऊन पांढऱ्या रेघा पडलेल्या. आमच्या कंपनीचा नारिंगी रंग विटेसारखा झालेला. कडेला सिलिकॉन नाही, वेलक्रो. चौकट म्हणजे पातळ लोखंडी पाइप आणि प्लास्टिकचे जोड. मागचे आडवे बार नव्हतेच, दिवेही नाहीत. उभी करायला गेलो तर ३ मीटरची चौकट दोन खांबांत बसेना. पोरगा स्टुलावर उभा, मी खाली पाइप धरून, आणि फोन बंद. सहापर्यंत चौदा वेळा लावला. शेवटी चिंचवडच्या एका माणसानं रात्री अकराला प्लाय आणि सनबोर्ड लावून दिले, १८,७०० रुपये. ती भिंत सरळ होती आणि पॅनेल टांगलेले राहिले.

परत आल्यावर बिल काढून जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. नंबर २७ नं सुरू होत होता, महाराष्ट्राचा म्हणून आधी निवांत होतो. निघाला भलत्याच फर्मचा, नोंदणी रद्द झालेली. म्हणजे भरलेल्या १५,४८० जीएसटीची वजावटही मिळायची नाही. हे शोधायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. पैसे पाठवायच्या आधी लागतात, नंतर नाही.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, माल पुण्यात घेतलात, तिकडं जा. तिकडं गेलो. ते म्हणाले, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेलेत, तिकडं जा. तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, "माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला." अहो, कापड सांगून फ्लेक्स देणं, दुसऱ्याचा जीएसटी नंबर छापणं, हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशाला आहे? गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी कागद दाखवला तर म्हणाले, वकील आहात का. लेखी अर्ज घ्यायला नको म्हणत होते, पोच द्यायला तर त्याहून नको. सहा चकरा, प्रत्येक चकरेला कारखाना बंद. बँकेत गेलो तर तिथले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. कुणालाही त्या माणसाचा राग आला नाही. सगळ्यांना राग माझ्या येण्याचा!

पोच मिळेपर्यंत टेबल सोडू नका. ठाण्यानं नोंदवलं नाही तर अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पैसे गेल्या गेल्या कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, तास उलटले की पैसे पुढं सरकतात. मला कळलं तेव्हा पहिल्या हप्त्याला दोन महिने होत आले होते.

ग्राहक आयोगाबद्दल मला एकानं घाबरवलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही. अर्धवट माहिती. पोटासाठी स्वतः काम करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी दाखल केली आहे.

कापड वाईट नाही, हेही लिहितो. फक्त मजकूर आणि चित्रं दाखवायची असतील, दर महिन्याला गाव बदलायचं असेल, तर कापडच घ्या. माल टांगायचा असेल तर कुणी काहीही सांगो, प्लाय. पण कापड घेताना आपलंच चित्र छापून वीतभर तुकडा मागा, घडी घालून त्यावर रात्रभर वजन ठेवा, सकाळी रेघ दिसली तर व्यवहार मोडा. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासा. चौकटीची खाच डोळ्यांनी बघा. माल आठ दिवस आधी घरी घ्या, उभा करून बघा, आणि तोपर्यंत निम्मे पैसे खिशात ठेवा. बाईच्या, भावाच्या, मित्राच्या खात्यावर एक रुपया टाकू नका.

तुमच्याकडं असाच अकरा फोटोंचा संच आला असेल आणि एकात चौकोनी फटींचं सॉकेट दिसत असेल, तर तो पुसू नका. मला कळवा. दोघांचे अर्ज एकत्र गेले तर त्या साहेबांना दिवाणी मामला म्हणणं जड जाईल.