वडिलांच्या समाधीचे दगडकाम: नक्षी उत्तम, पाया कच्चा

आम्ही लिंगायत. वडील लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, त्याला दीड वर्ष झाले. निपाणीजवळच्या आमच्या मळ्यातील त्यांच्या समाधीचे दगडकाम आम्ही बेळगावातील एका कारखान्याकडे सोपवले होते. असे काम करून घेणाऱ्या इतर घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

कारखान्यात प्रथम दाखवले गेले ते लांबट, नक्षीदार दगडी पेटीचे नमुने. हा घाट मुळात आडव्या देहासाठीचा; १८८७ साली लेबनॉनमधील सिडॉन येथे सापडलेली आणि आता इस्तंबूलच्या संग्रहालयात असलेली संगमरवरी 'अलेक्झांडर शवपेटी' याच घाटाची आहे. आमच्याकडे मात्र देह पद्मासनात बसवून डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे हयातभर अंगावर धारण केलेले छोटे लिंग, ठेवतात, त्यामुळे त्या जागेवर लांब पेटी विसंगत दिसली असती. तेथील वयस्कर पाथरवटांनी आम्ही काही बोलण्याआधीच हे ओळखले आणि चौरस ओटा सुचवला. विजापूरच्या गोलघुमटात चौथऱ्यावर दिसणाऱ्या कबरी खुणेपुरत्या असून खरी दफने खालच्या तळघरात आहेत. तसाच आपलाही दगड ही केवळ वरची खूण, तेव्हा त्याने खालच्या देहाची बैठक सांगावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला मनापासून पटले.

इलकलचा तांबूस ग्रॅनाइट घेतला. चारही अंगांना बेलाची पाने यंत्राने न कोरता टाकीने कोरली आहेत आणि त्रिदळाची मधली शीर बोटाला स्पष्ट लागते. आमचे निम्मे पाहुणे कन्नड वाचणारे असल्याने नाव देवनागरीत आणि कन्नडमध्ये असे दोन्ही लिपींत घातले. दोन्हींत एकही चूक नाही.

तक्रार आहे ती बसवणीची. काळ्या जमिनीतला भरलेला खड्डा किमान एक पावसाळा मुरू द्यायला हवा होता, पण कारखान्याने दोनच महिन्यांत, मेअखेरीस, ओटा बसवून टाकला. आई दर सोमवारी बेल वाहायला जाते. श्रावणात अभिषेकाचे पाणी एकाच कोपऱ्याकडे वाहू लागले, तेव्हा दगड कलल्याचे तिच्याच लक्षात आले. सांधाही उघडला होता. पाया आपल्या कामात येत नाही, असे कारखान्याने फोनवर सांगितले. शेवटी दगड उतरवून काँक्रीटचा थर घालण्याचे काम आम्हाला गावच्या गवंड्याकडून स्वखर्चाने करून घ्यावे लागले.

नक्षीचे काम मी पुन्हा त्याच पाथरवटांना देईन, मात्र पायाची जबाबदारी कोणाची हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.