डीएनडी आणि १९०९ वरील तक्रारी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुलुंडमध्ये माझा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि गीझर दुरुस्तीचा व्यवसाय आहे. नव्या गिऱ्हाइकाचा फोन नेहमीच अनोळखी क्रमांकावरून येत असल्यामुळे, अनोळखी फोन उचलूच नयेत हा सर्रास दिला जाणारा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. कोणाच्या तरी न्हाणीघरात मशीन ओढून बाहेर काढलेले असताना ओले हात पुसून फोन घ्यावा आणि पलीकडून पनवेलच्या वन बीएचकेची चौकशी व्हावी, हे दिवसातून अनेकदा घडू लागले, तेव्हा मी डीएनडीची (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी पसंती) नोंदणी केली आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नकोशा जाहिरातीच्या फोनची १९०९ या त्यासाठीच्या क्रमांकावर तक्रार करण्याचा नेम ठेवला. या दोन गोष्टींचा उपयोग अगदी वेगवेगळा आहे, हे मला वापरानंतर कळले.

नोंदणी विनामूल्य असून तिच्यात अवघड असे काही नाही. १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवला की सर्व प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची पसंती नोंदवली जाते. बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांपैकी निवडकच बंद करण्याचीही सोय आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंचा वर्ग मी काही काळ उघडा ठेवला होता, कारण सुट्या भागांच्या विक्रेत्यांच्या योजना कळत राहाव्यात अशी इच्छा होती. पण ते सर्व विक्रेते आता व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतात, म्हणून तोही बंद केला. नोंदणीनंतर १४० ने सुरू होणारे फोन आणि पाठवणाऱ्याच्या नावापुढे इंग्रजी ‘पी’ अक्षर असलेले जाहिरातीचे एसएमएस जवळजवळ थांबले. ओटीपी आणि खात्याच्या व्यवहारांचे संदेश पूर्वीप्रमाणेच येतात, त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

मात्र खरा त्रास १४० चा नव्हताच. नोंदणीकृत टेलिमार्केटर, म्हणजे फोनवरून जाहिरात करण्यासाठी रीतसर नोंद केलेला व्यावसायिक, नियमांच्या चौकटीत असतो आणि डीएनडी त्यालाच अडवते. इमारतींचे दलाल, कर्ज मिळवून देणारे मध्यस्थ आणि क्लासवाले साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून फोन करतात. त्यांच्यापुढे डीएनडीची नोंदणी असून नसल्यासारखीच आहे. येथे उपयोगी पडते ती तक्रार. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या विनियमांमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे अशा अनोंदणीकृत फोनविरुद्ध तक्रार करण्यासाठी डीएनडी नोंदणीचीही अट उरलेली नाही. तक्रारीची मुदत पूर्वी तीन दिवसांची होती, ती आता सात दिवसांची आहे. तुमचा क्रमांक, ज्या क्रमांकावरून फोन आला तो, तारीख आणि फोन कशाबद्दल होता याचे थोडक्यात वर्णन, एवढे असले की तक्रार वैध मानावी लागते. माझी तक्रार साधारण अशी असते: ‘पनवेल येथील गृहप्रकल्पातील सदनिका विकण्यासाठी फोन, मी चौकशी केलेली नव्हती’, आणि पुढे क्रमांक व तारीख.

फोनवर वाद घालणे मी सोडून दिले आहे. पलीकडची मुलगी पगारावर काम करत असते आणि समोरच्या यादीतले क्रमांक फिरवत असते. तिला बोलून काही साधत नाही. ‘सर, घर राहण्यासाठी पाहताय की गुंतवणुकीसाठी?’ या प्रश्नावर मी शांतपणे प्रकल्पाचे नाव आणि महारेरा क्रमांक (गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) विचारतो. बहुतेक वेळा नाव मिळते, महारेरा क्रमांकापाशी मात्र फोन कटतो. नाव मिळाले की वर्णन नेमके होते आणि तक्रार उडवून लावणे अवघड जाते.

तक्रार उडवून लावली जाते, हा अनुभव मला आला आहे. माझ्या दूरसंचार कंपनीने एका कर्ज देणाऱ्या मध्यस्थाविरुद्धची तक्रार ‘ग्राहकाचा पूर्वसंबंध’ असे कारण देऊन बंद केली, वास्तविक त्या मध्यस्थाचे नावही मी ऐकलेले नव्हते. अशा वेळी ट्रायकडे धाव घेऊन उपयोग नसतो, कारण ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. मी संमतीचा पुरावा मागितला, तो त्यांच्याकडे नव्हता, आणि तक्रार पुन्हा उघडली गेली. पाठपुराव्याचा हा भाग कंटाळवाणा आहे आणि कंपन्यांची भिस्त नेमकी याच कंटाळ्यावर असावी, असा माझा संशय आहे.

पुष्कळ ओळखीचे लोक मला म्हणतात की एवढी यातायात कशाला, फोन ओळखणारे अ‍ॅप घ्या आणि क्रमांक ब्लॉक करा. असे अ‍ॅप मीही वापरतो, परंतु ब्लॉक केल्याने तो क्रमांक फक्त माझ्यापुरता गप्प होतो, शेजाऱ्याकडे वाजतच राहतो. तक्रारीचे तसे नाही. एकाच फोन करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या तर त्याच्यावर कारवाई होते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या उल्लंघनाला त्याची बाहेर फोन करण्याची सेवा पंधरा दिवस बंद होते, आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास त्याच्या नावावरील सर्व जोडण्या सर्व कंपन्यांत वर्षभरासाठी तोडल्या जातात. म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असा क्रमांक आला की मी हात जोडलेल्या चित्राऐवजी तक्रारीचा मजकूर पाठवतो, आणि ज्यांना तो फोन आला होता त्यांतले काही जण तक्रार करतातही. ब्लॉकच्या बटणापेक्षा हा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो.

बँकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले की व्यवहार व सेवेसंबंधीचे फोन १६०० च्या मालिकेतून आणि जाहिरातीचे १४० च्या मालिकेतून करावेत. क्रेडिट कार्डासाठी फोन करणाऱ्यांना सकाळी दहा ते संध्याकाळी सात हीच वेळ आहे. रात्री आठनंतर साध्या मोबाइलवरून ‘तुमचे कार्ड मंजूर झाले आहे’ असे सांगणारा माणूस त्यामुळे दोन्ही बाजूंनी नियमाबाहेर असतो, आणि कदाचित बँकेचा नसतोही. ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागितला गेला तर ते प्रकरण १९०९ चे नाहीच. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, आणि केवळ संशय असल्यास ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळाच्या ‘चक्षू’ सुविधेवर नोंद करावी.

दूरसंचार कंपनी दाद देतच नसेल तर तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मला अजून तेथवर जावे लागलेले नाही, तरीही तक्रारींचे क्रमांक आणि आलेली उत्तरे मी एका वहीत उतरवून ठेवतो.

आजची स्थिती अशी की फोन पूर्ण थांबलेले नाहीत, पण पूर्वीच्या मानाने निश्चितच कमी झाले आहेत. ज्या क्रमांकाची तक्रार केली तो पुन्हा सहसा वाजत नाही. नवे क्रमांक येतात, विशेषतः सणासुदीला, जेव्हा बिल्डरांच्या योजना निघतात. शिवाय आता हीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करू लागली आहेत आणि ते १९०९ च्या कक्षेत येत नाहीत, तेथे रिपोर्ट आणि ब्लॉक एवढेच हाती उरते.