गुप्तधनाच्या दोन गोष्टी: ‘चाम्प्लू’चा 22वा भाग बघावा की सोडावा?

‘सामुराई चाम्प्लू’ ही अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका बघायला घेतलेला माणूस 21व्या भागापाशी आला की विचारतोच, “पुढचा सोडून दिला तर चालेल का?” कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं असतं की 22वा भाग म्हणजे निव्वळ येडेपणा आहे. खोटं नाही ते. पण त्याच दिग्दर्शकाने, शिनिचिरो वातानाबेने, सहा-सात वर्षं आधी ‘काऊबॉय बीबॉप’ या दुसऱ्या अॅनिमे मालिकेत शोधाशोधीचा असाच एक भाग करून ठेवलाय, 18वा. त्याला नावं ठेवणारा मला अजून भेटायचाय. दोन्ही मालिका 26 भागांच्या. दोन्हींत पोटात कावळे ओरडत असलेली टोळी जमिनीखालचं घबाड शोधायला निघते, आणि दोन्हींत हाती धुपाटणंच येतं. मग एकाचं कौतुक आणि दुसऱ्यावर राग, असं का?

(पुढे दोन्ही भागांचे शेवट उघड केलेत. कोरं बघायचं असेल तर आधी बघून या.)

‘बीबॉप’मध्ये फे, स्पाइक, जेट आणि एड ही अंतराळयानावरची टोळी आहे. हा भाग सुरू होतो तो फेच्या नावाने आलेल्या पार्सलने. वसुलीवाले आले असं वाटून ती पळ काढते. पैसे भरून पार्सल सोडवून घेतात स्पाइक आणि जेट. आत निघते एक बीटामॅक्स, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट. काळ 2071, म्हणजे कॅसेट आहे पण लावायची कशात? जुन्या व्हिडिओच्या एका वेड्या दुकानदाराकडे मशीन सापडतं, चित्राला मुंग्या येतात, आणि स्पाइक त्यावर आपला ठरलेला इलाज करतो: लाथ. मशीन खलास. मग दोघे उजाड पृथ्वीवर एका पडक्या संग्रहालयाच्या पोटात उतरतात, धापा टाकत एक जड प्लेअर वर आणतात, आणि कॅसेट आत जातच नाही. आणलेलं मशीन व्हीएचएसचं, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या कॅसेटचं!

हा विनोद आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना जरा जास्तच लागतो. रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणून तीन सिनेमे संपवलेली ही पिढी. लग्नाची कॅसेट आजही कपाटात असते, लावायला मशीन नसतं. सोनीचं बीटामॅक्स 1975 सालचं, जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 सालचं. टेप दोन्हींत अर्ध्या इंचाचीच, पण कॅसेटचा आकार वेगळा. तेवढ्याच फरकावर हा भाग उभा आहे.

आणि मग तो गंमत सोडून भलतीकडेच नेतो. दुसऱ्या पार्सलमधून खरं मशीन येतं. कॅसेटमध्ये शाळकरी फे असते, पुढच्या काळातल्या स्वतःला शाबासकी देणारी. 54 वर्षं शीतनिद्रेत काढून स्मृती गमावलेली फे ते बघते आणि तिला त्यातलं काहीच आठवत नाही. सुरुवातीला जेट एडला उराशिमा तारोची गोष्ट सांगतो, समुद्रातल्या महालातून परतून पेटी उघडताच म्हातारा झालेल्या कोळ्याची. ती तिथे का होती, ते आता कळतं. टीव्ही टोकियोने 1998 मध्ये पहिल्या प्रक्षेपणात 26 पैकी जेमतेम 12 भाग दाखवले, त्यांत हा होता.

‘चाम्प्लू’ असली भरपाई करत नाही. मालिकेतलं भटकं त्रिकूट, मुगेन, जिन आणि फू, यांना डोंगरात खणणारी एक टोळी भेटते. म्होरक्या स्वतःला हेइके घराण्याचा वंशज म्हणवतो आणि पूर्वजांचा पुरलेला खजिना शोधतोय म्हणतो. हे मात्र हवेतलं नाही. 1185 मध्ये दान-नो-उराच्या समुद्री लढाईत हेइके, म्हणजेच ताइरा, मिनामोतो या शत्रू घराण्याकडून संपले. वाचलेले डोंगरात दडले अशा आख्यायिका जपानभर आहेत, शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्याची तर तीच ओळख. आपल्याकडे प्रत्येक गढीखाली मोहरांचा हंडा असतो, तसंच.

पण थोड्या वेळाने खणणाऱ्यांचे अवयव गळायला लागतात. मंडळी मेलेली आहेत. झाँबी! कुदळी मात्र चालूच. बरं, आता काहीतरी उलगडा होईल असं वाटतंय तोवर आकाशातून उल्का येऊन आदळते. धुराचा छत्रीसारखा ढग. समाप्त. 23व्या भागात तिघेही धडधाकट, आणि अमेरिकन खलाशांशी बेसबॉल खेळताहेत.

बघणाऱ्यांचे इथे तट पडतात. चिडणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, निदान अर्धं: 20 आणि 21 हे भाग साराचे, आंधळ्या गायिकेचे. मालिकेतले बहुधा सगळ्यात जड. ते बघून गळा दाटलेला असताना समोर झाँबी? शिवाय 24पासून तीन भागांचा शेवट सुरू होतो, म्हणजे घड्याळ जोरात चाललेलं. काहीजण याला फिलर म्हणतात, ते मात्र चूक. फिलर म्हणजे मूळ मांगात (जपानी कॉमिकमध्ये) नसलेला, मध्ये घुसडलेला भाग. ही मालिका मांगावरून घेतलेलीच नाही, मग घुसडणार कशात? काहींनी सगळं भासच होता असा अर्थ लावून मनाची समजूत घातली आहे. मला ती पळवाट वाटते. उल्का पडली म्हणजे पडली.

खूश होणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. ओकिनावाच्या बोलीत चाम्पुरू म्हणजे मिसळलेलं. आपली मिसळच म्हणा. सामुराईंच्या जुन्या जपानात, एदो काळात, हिपहॉप घुसवणाऱ्या मालिकेकडून तारतम्य मागणं म्हणजे मिसळीत फरसाण का टाकलं म्हणून भांडणं. मी या बाजूचा आहे, पण दुसऱ्यांदा बघितल्यावर झालो. पहिल्यांदा मीही शेवटची वाट बघत बसलो होतो, आणि तिथेच फसलो.

तर ठरवायचं कसं? हसवलं तर शेवटी त्याचं काही मोल मिळालं पाहिजे, अशी तुमची अपेक्षा असेल तर ‘बीबॉप’चा 18वा घ्या. पण सुटा नको. फेचा भूतकाळ सांगणारा 15वा आधी बघा, नाहीतर शेवटची दोन मिनिटं कोरडी जातील. मित्राला अॅनिमेची ओळख करून द्यायची असेल तरी हेच. ‘चाम्प्लू’चा 22वा त्याला पहिला दाखवू नका, तो परत येणार नाही.

तुम्ही आधीच 21पर्यंत पोचला असाल तर सोडू नका. फक्त त्याच रात्री लावू नका. साराला एक रात्र द्या, दुसऱ्या दिवशी जेवताना 22वा लावा, आणि उल्का पडली की लगेच 23वा.